थंडीत पहाटे इंजिन ठोकतंय, गरम झालं की गप्प. हाफ इंजिन करावं का?

निफाडची_गाडी · ४ जानेवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. सविस्तर लिहितो, कारण परवा संध्याकाळपर्यंत मिस्त्रींना हो किंवा नाही कळवायचं आहे.

गाडी दहा टायरी, २०१२ ची, बीएस-३ (धुराच्या जुन्या नियमांची). सहा सिलिंडर, टर्बो, इनलाइन पंप, इलेक्ट्रॉनिक काही नाही. ७ लाख ४० हजार किलोमीटर झालेत, ४ लाखांवर एकदा इंजिन उघडलं होतं. काम कांद्याचं. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव इथे भरायचं, वाशीच्या मार्केटला उतरवायचं. आठवड्याला तीन खेपा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्रास सुरू झाला. पहाटे सेल्फ दोन-तीनदा मारावा लागतो. गाडी चालू झाली की ठक-ठक-ठक, ऐरणीवर हातोडी मारल्यासारखं. सोबत पांढरा धूर, डोळ्यांना झोंबतो. दहा-बारा मिनिटांनी आवाज मावळतो. परवा आमच्याकडे पहाटे ६ अंश होतं, त्या दिवशी सगळ्यात जास्त ठोकली. दुपारी गरम गाडी बंद करून चालू केली तर आवाज नाही.

मिस्त्री म्हणतात पिस्टन ढिले झालेत, थंडीत आपटतात. हाफ इंजिन करा (म्हणजे पिस्टन-रिंगा बदलायचं काम), १ लाख १० हजार, आठ दिवस गाडी उभी. वडील म्हणतात, करून टाक, मध्येच क्रँक गेला तर दुप्पट खर्च. लाल कांद्याची आवक जोरात आहे, आठ दिवस गाडी उभी राहिली तर हप्ता चुकतो. कुणी असा आवाज ऐकला असेल तर सांगा.

घाटवळण · ४ जानेवारी, रात्री ९:४१

तेल कोणतं टाकता? आमच्याकडे एकाने स्वस्तात मिळालं म्हणून २०डब्ल्यू-५० टाकलं होतं, थंडीत सुरुवातीला वरपर्यंत पोचायला वेळ लागायचा आणि टॅपेट (वॉल्व्ह उघडणारे भाग) वाजायचे. १५डब्ल्यू-४० टाकल्यावर गेलं.

निफाडची_गाडी · ४ जानेवारी, रात्री ९:५०

१५डब्ल्यू-४०च आहे. बदलून ११ हजार किलोमीटर झाले. थंड असताना प्रेशर साडेचार, गरम आयडलिंगला पावणेदोनच्या खाली येत नाही.

पाना_पकड · ४ जानेवारी, रात्री १०:०५

पंपाचा टायमिंग (डिझेल फवारायची वेळ) थोडा मागे घ्या, आवाज लगेच बसेल. आणि डिझेलमध्ये थोडं रॉकेल घाला, थंडीत सगळेच घालतात. सेल्फ घेत नसेल तर एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरायचा.

सुभेदार_सातारा · ४ जानेवारी, रात्री १०:३४

पाना_पकड, राग मानू नका, पण यातलं एकही करू नये.

मी ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती दलात, २६ वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. पेट्रोलच्या बोळ्याने पिस्टनच्या रिंगा आणि रिंगांमधल्या कडा तुटलेल्या मी हातात घेऊन पाहिल्या आहेत. तो वाफारा पिस्टन वर पोचायच्या आधीच पेट घेतो आणि वर येणाऱ्या पिस्टनला खाली दाबतो. सवय लागलेल्या इंजिनाला पुढे त्याशिवाय चालूच होता येत नाही. रॉकेल डिझेलपेक्षा पातळ, त्याचं वंगण कमी, पंपाचे एलिमेंट (डिझेल ढकलणारे आतले दट्टे) त्यावर झिजतात. आणि थंडीत डिझेल पेट घ्यायला आधीच उशीर करतंय, त्यात ते घालून ठोका कमी कसा होईल?

टायमिंगचं म्हणाल तर उन्हाळ्यात गाडी ठीक होती, पंपाला कुणी हात लावलेला नाही. मग तो आपोआप पुढे कसा जाईल? कपलिंग ढिली झाली तर जातो, पण मग दुपारीही वाजेल.

निफाडकर, आता तुमच्याकडे वळतो. उद्या पहाटे तीन गोष्टी पाहा, पाना लावायच्या आधी.

१. आवाज एका जागी आहे की सगळ्या इंजिनभर? लांब स्क्रू-ड्रायव्हर घ्या, टोक हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर), मूठ कानाच्या मागच्या हाडाला. एकेक सिलिंडरवर, मग खाली ब्लॉकवर, मग सम्पच्या (तळाच्या तेलाच्या भांड्याच्या) कडेला. पंख्यापासून लांब राहा, गळ्यातला मफलर काढून ठेवा.

२. रेस थोडी वाढवल्यावर आवाज वाढतो की पुसट होतो?

३. ब्रेकच्या हवेचा काटा. आवाज थांबला त्या क्षणी काटा कुठे होता, ते लिहून ठेवा.

निफाडची_गाडी · ४ जानेवारी, रात्री १०:४०

हवेच्या काट्याचा काय संबंध, साहेब?

सुभेदार_सातारा · ४ जानेवारी, रात्री १०:५८

फार जवळचा. रात्रभर उभ्या गाडीची टाकी रिकामी होते. पहाटे इंजिन चालू होताच ब्रेकचा कॉम्प्रेसर पूर्ण जोराने हवा भरायला लागतो. त्याचा छोटा कनेक्टिंग रॉड ढिला झाला असेल तर हुबेहूब इंजिनसारखा ठोकतो. टाक्या भरल्या की गव्हर्नर (हवेचा दाब सांभाळणारा वॉल्व्ह) त्याला मोकळा सोडतो आणि आवाज बंद. ड्रायव्हरला वाटतं, इंजिन तापलं म्हणून थांबलं. एकदा आमच्या युनिटमध्ये याच चुकीने पूर्ण इंजिन उतरवलं गेलं. दोन दिवस लागले, चार जवान राबले, आणि इंजिन परत बसवल्यावर आवाज तसाच.

परीक्षा अगदी सोपी. आवाज थांबल्यावर, इंजिन गरम असतानाच, टाकीच्या खालचा ड्रेन उघडून हवा सोडून द्या. गाडी उभीच असू दे, चाकांखाली उटी (लाकडाचे ठोकळे) लावा, हँडब्रेकवर विसंबू नका. कॉम्प्रेसर पुन्हा भरायला लागताच ठोका परतला तर इंजिन निर्दोष. नाही परतला तर पुढे जाऊ.

कोथरूडचा_यंत्री · ४ जानेवारी, रात्री ११:२०

सुभेदारसाहेबांचा मुद्दा महत्त्वाचा. त्यासोबत आवाज फोनवर रेकॉर्ड करून इथे टाका. वीस सेकंद पुरतील. आयडलिंगला, अ‍ॅक्सिलेटरला हात न लावता. आरपीएमचा काटा किती दाखवतो तेही लिहा. ठोके मोजता येतात आणि त्यातून बरंच कळतं.

थंडीतच का, हे आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत डिझेल फवारलं जातं, पण ते फवारल्याक्षणी पेटत नाही. आधी थेंबांची वाफ व्हायला हवी, मग पेट घ्यायला हवा. या मधल्या वेळात फवारा सुरूच असतो. वेळ जितका लांबेल तितकं न पेटलेलं डिझेल साठतं, आणि मग सगळं एकदम पेटतं. दाब झटक्यात चढतो, तो पिस्टनवर आदळतो, आणि आपल्याला ठक ऐकू येतं.

आता थंडी बघा. हवा साधारण सतरा पट दाबली जाते. आत येणारी हवा २० अंशांनी गार असेल, तर दाबाच्या शेवटी ती ५० अंशांहून जास्त गार निघते. शिवाय गार लायनर (सिलिंडरची आतली नळी) आणि गार हेड तिची उष्णता शोषतात. त्यामुळे पहाटे पहिली एक-दोन मिनिटं प्रत्येक डिझेल गाडी थोडी कडक वाजते, जुन्या पंपाची तर वाजतेच. ते सगळ्या सिलिंडरांचं सारखं तडतडणं असतं. तुम्ही सांगता तो एकाच हातोडीचा ठोका आहे, आणि तोही दहा-बारा मिनिटं. म्हणून कुठलातरी एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा मागे आहे, असा माझा अंदाज.

वाघोली_मोटर्स · ५ जानेवारी, सकाळी ७:१०

डिझेल गोठून असं होत असेल का? बातम्यांत वाचलं होतं.

सुभेदार_सातारा · ५ जानेवारी, सकाळी ७:४५

गोठण्याचं दुखणं वेगळं असतं. मेण जमून फिल्टर तुंबतो, गाडीला डिझेल पुरत नाही, ती दम तोडते, मग बंद पडते. ठोकत नाही. लडाखची गोष्ट वेगळी, तिथे उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. आपल्याकडे मानकाप्रमाणे हिवाळ्यातल्या डिझेलची फिल्टर तुंबण्याची मर्यादा ६ अंश आहे. निफाडला कडाक्याच्या पहाटे टाकीत जुनं डिझेल असेल तर किंचित अडचण येऊ शकते, पण तेव्हा तक्रार 'गाडी ओढत नाही' अशी असेल.

निफाडची_गाडी · ५ जानेवारी, सकाळी ८:३०

आज पहाटे साडेपाचला सगळं केलं. ७ अंश होतं. क्लीनरला रेकॉर्डिंगला बसवलं, मी स्क्रू-ड्रायव्हर धरला.

आवाज हेडच्या मधल्या भागात सर्वांत स्पष्ट, तीन आणि चार नंबरच्या आसपास. सम्पजवळ फार पुसट. रेस दिली की आधी जोरात, मग बाकी आवाजात मिसळून जातो. आरपीएम ६४०.

हवेचा काटा सहाव्या मिनिटाला वर पोचला आणि कॉम्प्रेसर सुटल्याचा फुस्स आवाज आला. ठोका त्यानंतरही सुरू होता. तेराव्या मिनिटाला थांबला. मग टाकी रिकामी केली, पुन्हा भरू दिली, पण ठोका परतला नाही. म्हणजे कॉम्प्रेसर नाही ना?

रेकॉर्डिंग टाकलंय.

कोथरूडचा_यंत्री · ५ जानेवारी, सकाळी १०:१५

चौथाई वेगावर ऐकलं, तीनदा मोजलं. दहा सेकंदांत ५३ ठोके.

आता हिशोब. ६४० आरपीएमला दहा सेकंदांत क्रँक जवळजवळ १०७ फेरे घेतो. चार-स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, म्हणजे दहा सेकंदांत ५३ वेळा. तुमचा ठोका नेमका तेवढाच. सहाही सिलिंडर वाजत असते तर सव्वातीनशेच्या आसपास मोजले असते, किंबहुना मोजताच आले नसते. तेव्हा एकच सिलिंडर, आणि त्याच्या चक्रात एकदा.

माझा संशय त्या सिलिंडरच्या नोझलवर, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या टोकावर आहे, पण हा आकडा एकट्याने ते सिद्ध करत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. टॅपेटही याच वेगाने वाजतो आणि पिस्टनचा आपटही मुख्यतः पेट घेतल्यावरच ऐकू येतो. पण बेअरिंगची भीती मी बरीच कमी करीन. बेअरिंग ढिलं असेल तर गरम पातळ तेलात जास्त वाजतं, सम्पकडे जास्त ऐकू येतं आणि तेलाचं प्रेशर पडतं. तुमचं तिन्ही बाबतींत उलट आहे. वडिलांना हे नक्की सांगा.

नोझलवाला_सांगली · ५ जानेवारी, दुपारी १२:४०

पंप-नोझलचं दुकान वडिलांपासून चालवतो, म्हणून लिहितो.

पिस्टनचा आपट आणि डिझेलचा ठोका यांत फरक करायचा एकच खात्रीचा रस्ता आहे, त्या सिलिंडरचं डिझेल तोडायचं. आयडलिंगला, ठोका चालू असताना, पंपाकडून नोझलला जाणाऱ्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करायचा. इंजिन किंचित लंगडं होईल. त्या क्षणी ठोका गायब झाला तर तो सिलिंडर सापडला. मग नट आवळायचा आणि पुढचा. सहाही करायचे, मधलाच वाजतो म्हणून तिथेच थांबायचं नाही.

नट सैल करताना आवाज जरा मऊ झाला पण ठोका राहिला, तर लोखंडाचा दोष, पिस्टन किंवा पिन. एकदम पूर्ण गेला तर बहुतेक वेळा नोझल.

काळजी काय घ्यायची ते नीट वाचा. डोळ्यांना चष्मा. नटावर जाड फडका. बोट कधीही फवाऱ्यासमोर नेऊ नका, दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं. वरून टाचणी टोचल्याइतकंच दिसतं, पण आत मांस सडतं. असं कुणाला झालं तर थेट सर्जनकडे, घरी हळद लावून बसू नका. आणि हे फक्त तुमच्यासारख्या जुन्या पंपाच्या गाडीवर. कॉमन रेलच्या (सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या) गाडीवर नट सैल करायचा नाही म्हणजे नाही, तिथे दाब हजार बारच्या वर जातो.

वाघोली_मोटर्स · ५ जानेवारी, दुपारी १:०५

बीएस-६ वाल्यांनी मग काय करायचं?

नोझलवाला_सांगली · ५ जानेवारी, दुपारी १:२०

स्कॅनर लावायचा. त्यात एकेक सिलिंडर बंद करायची चाचणी असते, शिवाय प्रत्येक इंजेक्टरला किती दुरुस्ती दिली जातेय ते आकड्यात दिसतं. हात लावायची गरज नाही.

एडमंटनहून · ५ जानेवारी, दुपारी २:१०

मी मूळचा येवल्याचा, इथे कॅनडात ट्रक चालवतो. उणे ३० ला आम्ही रात्रभर ब्लॉक हीटर लावून ठेवतो. विजेवर इंजिनातलं पाणी कोमट राहतं आणि पहाटे गाडी मुकाट्याने चालू होते. सांगायचा मुद्दा हा, की हवा किती गार आहे यापेक्षा इंजिन किती गार आहे ते जास्त मोजलं जातं. तुमच्या गाडीचा पाण्याचा काटा चालत्या गाडीत कुठे असतो? ते कुणी विचारलेलं दिसलं नाही.

निफाडची_गाडी · ५ जानेवारी, दुपारी २:४५

चांगला प्रश्न विचारलात. हल्ली काटा पावाच्या वर फारसा जात नाही, मला वाटलं थंडी आहे म्हणून. उन्हाळ्यात अर्ध्यापर्यंत असायचा.

आणखी एक आठवलं, काल लिहायचं राहिलं. भरलेली गाडी कसारा घाट उतरताना, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून गाडी धरणारा ब्रेक) लावून बराच वेळ उतरल्यावर, खाली सपाटीला अ‍ॅक्सिलेटर दिला की दहा-वीस सेकंद तोच ठोका येतो आणि मागे पांढरा धूर दिसतो. परतीला घाट चढताना कधीच नाही.

कोथरूडचा_यंत्री · ५ जानेवारी, दुपारी ३:३०

ही ओळ सगळ्यात मोलाची आहे!

उतारावर डिझेल तुटलेलं असतं, इंजिन नुसतं हवा खेचत असतं, आणि रेडिएटरवर गार वारा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम झाल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह, ठीक असेल तर तो बंद होतो आणि पाणी इंजिनातच फिरत राहतं. तुमच्या गाडीचं इंजिन उतरता उतरता गार होतंय, तेही कसाऱ्याला, चालत्या गाडीत. म्हणजे पहाटेचा ६ अंशांचा गारठा हे अर्धंच कारण आहे.

उद्या गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या होजला हात लावून पाहा, पंख्यापासून हात आणि बाह्या दूर ठेवून. थर्मोस्टॅट असेल तर होज बराच वेळ गारच राहतो आणि पाणी ८० अंशांच्या पुढे गेलं की एकदम गरम होतो. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. किंवा तिथे नाहीच.

घाटवळण · ५ जानेवारी, दुपारी ३:५२

'नाहीच' याची शक्यता मोठी. उन्हाळ्यात गाडी तापली की रस्त्यावरचे मिस्त्री पहिल्यांदा वॉल, म्हणजे हाच थर्मोस्टॅट, काढून फेकतात. आमच्या तीन गाड्यांपैकी दोन गाड्यांत नव्हता.

निफाडची_गाडी · ६ जानेवारी, सकाळी ९:०५

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

पहाटे ६ अंश. गाडी चालू, ठोका सुरू. एक नंबरचा नट सैल केला, इंजिन लंगडलं, ठोका तसाच. दोन, तसाच. तीन, तसाच. चार नंबरला फडका धरून नट सैल केला आणि ठोका कापल्यासारखा बंद. माझ्या क्लीनरने बाहेरून ओरडून सांगितलं की धूरही कमी झाला. आवळला, परत ठक-ठक. खात्रीसाठी तीनदा केलं. पाच आणि सहाही करून पाहिले, काही फरक नाही.

मग होज. दुसऱ्या मिनिटाला कोमट, पाचव्याला चांगला गरम. गाडी बंद केली, गार होऊ दिली आणि हाउसिंग उघडलं. आत नुसतं गॅस्केट. थर्मोस्टॅट नाही.

आता आठवलं. मे महिन्यात रस्त्यात गाडी तापली होती, एका गॅरेजला दोन तास थांबलो होतो. तेव्हाच काढला असणार, मला कुणी सांगितलं नाही.

सुभेदार_सातारा · ६ जानेवारी, सकाळी ९:४०

शाबास. पण नवा थर्मोस्टॅट बसवायच्या आधी एक काम करा. गाडी मे महिन्यात का तापली, ते शोधा. नाहीतर पुढच्या मे महिन्यात पुन्हा कुणीतरी काढून फेकेल.

वॉल काढल्याने तापणं बरं होतं हाही एक गैरसमजच. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की तो बायपासची (रेडिएटर टाळून परत फिरणारी) वाट बंद करतो, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत फिरतं. थंडीत इंजिन तापत नाही आणि भर उन्हात चढावर पुन्हा तापतंच. दोन्हीकडून तोटा.

आधी रेडिएटर आणि इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) मधली फट बघा. तुम्ही कांदा वाहता म्हणून सांगतो.

नोझलवाला_सांगली · ६ जानेवारी, सकाळी १०:१५

आणि नोझल चारच नंबरचा नको, सहाही काढून टेस्टरवर लावा. एकच नवा टाकला तर तो बाकी पाचांशी जुळत नाही. चाचणी दुकानात तुमच्यासमोर करायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. हँडल मारल्यावर कितीला उघडतो ते घड्याळावर दिसतं. मग उघडण्याच्या दाबापेक्षा २० बार खाली धरून दहा सेकंद थांबायचं, टोकावरून थेंब पडता कामा नये. फवारा धुक्यासारखा हवा, धारेसारखा नको.

नोझल काढताना जुना तांब्याचा वॉशर कधीकधी हेडमध्येच चिकटून राहतो. टॉर्च मारून बघा. त्यावर दुसरा बसवला तर टोक वर राहतं आणि फवारा भलत्याच जागी पडतो.

पाना_पकड · ६ जानेवारी, सकाळी ११:३०

रॉकेलचं मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आणि करत आलो. सुभेदारसाहेब, एलिमेंट झिजतात हे माहीत नव्हतं. आमच्या एका गाडीचा पंप दोन वर्षांत दोनदा झाला, त्याचं कारण आता लागतंय. बंद करतो.

एक विचारायचं होतं. दोष एकाच नोझलचा आणि थर्मोस्टॅट सगळ्या इंजिनाचा, मग दोन्हींचा संबंध काय? दोन्ही एकाच वेळी बिघडले?

कोथरूडचा_यंत्री · ६ जानेवारी, दुपारी १२:१०

चार नंबरचा नोझल बहुधा उन्हाळ्यापासूनच ढिला असेल. स्प्रिंग दमला की नोझल ठरलेल्या दाबाआधी उघडतो. म्हणजे डिझेल लवकर येतं आणि जाड थेंबांनी येतं. तापलेल्या इंजिनात जाड थेंबांचीही पटकन वाफ होते, पेट वेळेवर घेतो, आवाज दबून जातो. बाकीचे पाच सिलिंडर गारठ्यातही कसेबसे सांभाळतात. चौथ्याला गारठा झेपत नाही. त्यात थर्मोस्टॅट नसल्याने दोन मिनिटांचा गारठा तेरा मिनिटं लांबतो आणि घाटात परत येतो. नुसता थर्मोस्टॅट बसवला असता तर ठोका मिनिट-दोन मिनिटांवर आला असता आणि सगळ्यांना वाटलं असतं, काम झालं. नोझल टपकतच राहिला असता.

टपकणाऱ्या नोझलचं डिझेल लायनरवरून खाली तेलात उतरतं, तेही तपासा. डिपस्टिकवर तेल वाढलंय का, डिझेलचा वास येतो का? तसं असेल तर तेल लगेच बदला, ११ हजार झाले की १२, हे मोजत बसू नका.

निफाडची_गाडी · ८ जानेवारी, रात्री १०:१५

दोन दिवस गाडी उभी होती, आठ नाही.

सुभेदारसाहेब, तुम्ही म्हणालात तेच. इंटरकूलर आणि रेडिएटरच्या मधे कांद्याची सालं आणि धूळ यांचा नमदा बसला होता, गोधडीसारखा. हाताने ओढला तर सलग सोलून निघाला. मागून पाण्याने धुतला, जाळी वाकू नये म्हणून प्रेशर कमी ठेवला. फॅन बेल्टही सैल होता, ताणून घेतला. मे महिन्यातलं तापणं तिथेच होतं.

थर्मोस्टॅट नवा आणला. बसवायच्या आधी आईच्या पातेल्यात पाणी घेऊन, दोरीने टांगून, थर्मामीटर लावून उकळला. ८३ च्या आसपास तोंड उघडायला लागलं, उकळी येईपर्यंत पूर्ण उघडलं. वडील शेजारी उभे राहून बघत होते. किंमत ९०० रुपये.

नोझल नाशिकला टेस्टरवर लावले, माझ्यासमोर. पाच नोझल २३० ते २४५ ला उघडले. चार नंबरचा १९० ला, आणि खाली धरल्यावर दहा सेकंदांत तीन थेंब. त्याचा फवारा एका बाजूला धारच होती. सहाही टोकं नवी टाकली, सगळे २५० ला बसवले. वॉशर नवे, जुना एक खरंच आत चिकटलेला सापडला, तीन नंबरला. एकूण साडेसात हजार.

तेलाला डिझेलचा वास होता. पातळीही खुणेच्या बोटभर वर. तेल आणि फिल्टर दोन्ही बदलले.

मिस्त्रींना सगळं दाखवलं. त्यांनी जुना नोझल हातात घेऊन बघितला, वाईट वाटून घेतलं नाही. म्हणाले, त्यांच्याकडे अजून एक गाडी याच आवाजाने उभी आहे, पिस्टन उतरवायचे होते, तिचे नट आधी सैल करून बघतो.

सुभेदार_सातारा · ८ जानेवारी, रात्री १०:४०

मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा. त्या गाडीचं काय निघालं ते इथे नक्की लिहा. आणि तेल पुन्हा ५ हजारांवर तपासा, जुन्या डिझेलचा अंश राहतो.

निफाडची_गाडी · १० जानेवारी, पहाटे ५:५०

आज साडेसहा अंश. सेल्फ एकदाच मारला. पहिलं अर्धं-पाऊण मिनिट सगळ्या इंजिनाची तडतड, मग शांत. धूर नाही. विंचूरचा माल भरलाय, निघतोय. कसाऱ्याखाली थांबून रेकॉर्डिंग करतो.

निफाडची_गाडी · १० जानेवारी, सकाळी १०:३५

घाट उतरलो, एक्झॉस्ट ब्रेकवर, नेहमीसारखाच. काटा अर्ध्यापासून थोडा खाली आला आणि तिथेच थांबला. सपाटीला अ‍ॅक्सिलेटर दिला, क्लीनर मागे आरशात बघत होता, धूर नाही. वीस सेकंदांचं रेकॉर्डिंग टाकलंय, मोजायला काही सापडतंय का बघा.

कोथरूडचा_यंत्री · १० जानेवारी, सकाळी ११:२०

दोनदा ऐकलं, चौथाई वेगावर. नुसती तडतड आहे, मोजण्यासारखा ठोका एकही नाही.

नोझलवाला_सांगली · १० जानेवारी, सकाळी ११:४५

जुनी सहा टोकं टाकून देऊ नका. चार नंबरचं वेगळं बांधून त्यावर चिठ्ठी लावा आणि मिस्त्रींना द्या, नव्या पोरांना टेस्टरवर दाखवायला कामी येईल.